सामायिक चलांना मॉड्यूलच हवे

बेंगळुरूला फोरट्रान नवा नाही. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९८६ साली फ्लोसॉल्वर हा समांतर संगणक उभारायला घेतला आणि पुढे हवामानाचे टी-८० प्रारूप त्यावर चालवून दाखवले. आज भारतीय विज्ञान संस्थेत ३.३ पेटाफ्लॉपचा परम प्रवेग आहे. यंत्रे बदलली, पण 'इन्क्लूड'च्या ओळींनी जोडलेला जुना कोड अजूनही वापरात आहे. त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

इन्क्लूडचे काम साधे आहे. नाव दिलेल्या फाइलीतला मजकूर कंपायलर त्या जागी जसाच्या तसा घेतो. फोरट्रान ७७च्या मानकात ही सोय नव्हती, तरी बहुतेक कंपायलर ती देत. सामायिक चलांचा कॉमन ब्लॉक एका फाइलीत ठेवून प्रत्येक सबरूटिनमध्ये इन्क्लूड करायचा, ही पद्धत त्यातूनच रुळली. फोरट्रान ९०ने इन्क्लूडला मान्यता दिली आणि सोबत मॉड्यूलही दिले.

समजा, त्या फाइलीत एनएक्स ८० आहे आणि कॉमनमध्ये यू(एनएक्स), व्ही(एनएक्स) असे दोन अ‍ॅरे ओळीने आहेत. कोणी एनएक्स १२० केला, पण मेकफाइलमध्ये नोंद नसल्याने एक सबरूटिन पुन्हा कंपाइल झालेच नाही. त्याच्या लेखी व्ही अजून ८१व्या जागेपासून सुरू होतो. तिथे आता यूचीच मूल्ये असतात. लिंकर बहुधा गप्प राहतो, प्रोग्रॅम चालतो, आकडेही पटण्याजोगे येतात. अशी चूक थेट शोधनिबंधात पोचू शकते.

मॉड्यूलमध्ये व्याख्या एकदाच होते, 'ओन्ली' लिहिले की कुठले चल कुठून आले ते दिसते आणि मॉड्यूलमधल्या सबरूटिनला चुकीच्या प्रकारचे आर्ग्युमेंट दिले तर कंपायलर तिथेच अडवतो. मेकफाइलमधली अवलंबित्वे मात्र तरीही चोख हवीत. सीमेक किंवा एफपीएम ही बिल्ड साधने ती स्वतः शोधतात. समांतर प्रोग्रॅममधल्या संदेशवहनाचे मानक असलेल्या एमपीआयच्या ४.१ आवृत्तीनेही २०२३ साली 'एमपीआयएफ.एच' इन्क्लूड करण्याची जुनी वाट कालबाह्य ठरवली.

इन्क्लूड हद्दपार करा, असे आमचे म्हणणे नाही. एकच गणित सिंगल आणि डबल प्रिसिजनसाठी लिहायचे असेल, तर सामायिक मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवणे आजही योग्यच. सामायिक चले मात्र तिथे नकोत. सगळा कोड एकदम बदलू नका. एक कॉमन ब्लॉक घ्या, त्याचे मॉड्यूल करा, आधीचे आणि नंतरचे निकाल ताडून पाहा आणि मगच पुढच्याला हात घाला.