हक्क मुलाचा, आधार मात्र इमारतीला

जूनमध्ये शाळेच्या कार्यालयाबाहेर बसलेल्या काही पालकांना जे ऐकायला मिळतं, तो सरळ नकार नसतो. "आमची काही हरकत नाही हो, पण तुमच्याच मुलाचं नुकसान होईल. यांच्यासाठी वेगळ्या शाळा असतात ना, तिथं विचारा," असं गोडीत सांगितलं जातं. वेगळ्या शाळेत जावं, तर तिथल्या बाई मुलाशी थोडा वेळ बोलतात आणि म्हणतात, "याला बरंच समजतंय, इथं कशाला अडकवता? नॉर्मल शाळेतच घाला." दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असू शकतात. पण या दोन सल्ल्यांच्या मध्ये एक शैक्षणिक वर्ष सहज निघून जातं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते फार महाग पडतं.

स्वमग्न, बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला कुठं घालावं, हा वाद आपल्याकडे सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा, असाच मांडला जातो. कायद्याने तो मिटवलेला नाही, आणि ते शहाणपणाचं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्वतंत्र जागा मिळाली. त्याच कायद्याच्या ३१व्या कलमानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड त्याची आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन दिव्यांग मुलं वंचित गटात आली. त्यामुळे खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर त्यांचाही हक्क आहे. बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचीही मुभा आहे. कागदावर तिन्ही दारं उघडी आहेत.

सर्वसाधारण शाळेच्या बाजूने सगळ्यात जोरकस मुद्दा समतेचा आहे असं आपण मानतो. मला तो शेजाराचा वाटतो. वाडीतल्या, सोसायटीतल्या मुलांबरोबर एकाच शाळेत गेलेलं मूल पुढे त्याच गावात, त्याच पोरांमध्ये वावरणार असतं. वाण्याच्या दुकानात, एसटीत, गणपतीच्या मांडवात त्याला ओळखणारे समवयस्क असणं हे आयुष्यभराचं संरक्षण आहे, आणि कुठलीही थेरपी ते देऊ शकत नाही. शिवाय मुलं एकमेकांकडून जे उचलतात, रांगेत उभं राहणं, डबा वाटून खाणं, चिडवलं तर काय करायचं, ते शिकायला चिडवणारी आणि वाटून खाणारी मुलंच आसपास लागतात.

मुंबईतल्या एका संस्थेचा प्रवास इथं पाहण्यासारखा आहे. मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी वेगळी शाळा काढणं हेच तेव्हा मोठं पाऊल होतं, कारण त्यांना कुठलीच शाळा घेत नव्हती. पुढे हीच संस्था मुलांना नेहमीच्या शाळांत पाठवण्याच्या कामाकडे वळली आणि आज ती 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. ज्यांनी वेगळी शाळा उभी केली, त्यांनीच ती शेवटची पायरी नाही असं ठरवावं, या साक्षीचं वजन मोठं आहे.

पण या साक्षीचा अर्थ विशेष शाळा गैरलागू झाल्या असा लावला, तर तो चुकेल. मुंबईची जय वकील शाळा १९४४ची, पुण्याची कामायनी १९६४ची, नाशिकचं प्रबोधिनी विद्यामंदिर १९७७चं. या संस्था दयेपोटी चालवलेल्या पाळणाघरांसारख्या नाहीत. कपडे घालणं, पैसे मोजणं, बस ओळखणं यांचं पायरीपायरीने शिक्षण कसं द्यायचं, हे ज्ञान मराठी मुलखात कुठं साठलं असेल तर ते अशा शाळांत. तिथं वर्ग लहान असतो, शिक्षक त्याच कामासाठी शिकलेला असतो, वाचा-उपचार करणारी व्यक्ती त्याच आवारात भेटते. आणि एक गोष्ट पालक हळू आवाजात सांगतात, ती संपादकीयांत फारशी येत नाही. विशेष शाळेच्या फाटकाशी त्यांना पहिल्यांदा दुसरे आईवडील भेटतात, ज्यांना काहीही समजावून सांगावं लागत नाही. पन्नास-साठच्या वर्गात शेवटच्या बाकावर, खिडकीशी, कुणालाही त्रास न देता बसलेलं मूल पटावर 'समाविष्ट' असतं. त्या बाकापेक्षा विशेष शाळा कितीतरी बरी.

म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या आहेत. खरी अडचण या निवडीच्या पलीकडे आहे. निवडीचा हक्क मुलाला दिला, पण मदतीची माणसं आणि पैसा इमारतींना बांधून ठेवला. महाराष्ट्रात विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, २०२२च्या अखेरीस स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला आणि त्या तिकडे गेल्या. सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. शून्य ते १८ वयाच्या मुलांतले दोष लवकर हेरण्याचं काम २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होतं, त्याचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आरोग्य विभागाचं. तीन विभाग, तीन फायली. मुलाने विशेष शाळा सोडून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घातलं, की त्याच्या बाई, त्याची थेरपी, त्याच्याविषयी जमलेली माहिती, सगळं मागे राहतं. नव्या वर्गशिक्षकाच्या हाती येतो तो शाळा सोडल्याचा दाखला.

म्हणून 'नॉर्मल की स्पेशल' हा प्रश्न पालकांना इतका जीवघेणा वाटतो. एकदा रूळ बदलले की परत येता येत नाही, ही भीती त्यांना असते, आणि ती खोटी नाही.

सर्वसाधारण शाळांत विशेष शिक्षक नेमले की झालं, असं म्हणणाऱ्यांनी आकड्यांकडे बघावं. रजनीशकुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न हाती घेतला. प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक, असं प्रमाण त्यातून पुढे आलं. मार्च २०२५मध्ये न्यायालयाला राज्यांना पदं जाहीर करायला पुन्हा सांगावं लागलं. महाराष्ट्राने २०२४ साली केंद्र स्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांना त्यात सामावून घेण्याचं ठरलं. हे चांगलंच झालं. पण राज्यात शाळा लाखावर आहेत. एका केंद्रात दहा-बारा किंवा त्याहून जास्त शाळा येतात, आणि डोंगराळ तालुक्यात त्या एका दिवसात पालथ्या घालता येत नाहीत. अशा शिक्षकाची एका शाळेत आठवड्यातून एकदा फेरी झाली तरी खूप. त्या फेरीत तो मुलाला शिकवू शकणार नाही. वर्गशिक्षकाला काय करायचं ते शिकवू शकेल, आणि त्याच्या कामाची व्याख्या तशीच असायला हवी. दुर्दैवाने त्याच्याकडून अपेक्षा असते ती शिबिराला मुलं गोळा करण्याची, याद्या भरण्याची आणि आधारकार्डं जोडण्याची.

शहरातल्या मध्यमवर्गाने यावर आपला तोडगा काढला आहे: शॅडो टीचर. फीच्या वर आणखी एक पगार पालकांनी भरायचा, आणि मुलाशेजारी एक माणूस दिवसभर बसवायचं. काही मुलांना याने खरोखर उभं केलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यात दोन धोके आहेत. पहिला उघड आहे, ज्याला परवडेल त्याचंच मूल समाविष्ट होईल. दुसरा जास्त चिंतेचा. वर्गशिक्षिका हळूहळू त्या मुलाशी बोलेनाशी होते, 'तुमच्या विद्यार्थ्याला सांगा' असं शॅडो टीचरला सांगू लागते, आणि भिंत न बांधताच वर्गात आणखी एक वर्ग तयार होतो. शाळेने पालकांकडे शॅडो टीचर मागितली, तर ती कधी आणि कशी कमी होत जाणार हेही शाळेने लिहून द्यायला हवं. ते लिहून देणारी शाळा माझ्या तरी पाहण्यात फार क्वचित आली आहे.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा प्रश्नही याच गाठीत अडकलेला आहे. 'शिक्का बसेल' या भीतीने अनेक घरांत तो विषय टाळला जातो, मग नववीत धावपळ सुरू होते. राज्य मंडळाच्या दहावीत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक, तिसऱ्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित अशा सवलती आहेत. बाहेरून बघणाऱ्याला ही पळवाट वाटते, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर काढलेली प्रमाणपत्रं तो संशय वाढवतात. संशय घेणाऱ्यांचं सरसकट चुकतं, असं मी म्हणणार नाही. पण उशिरा मिळालेल्या प्रमाणपत्राने सगळ्यात जास्त फसवणूक होते ती त्याच मुलाची. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या वर्षी, म्हणजे तिसरीच्या आसपास व्हायला हवी. त्या वयात कागद हाती आला, तर पुढची सात वर्षं वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवता येतं. नववीत आला, तर फक्त रायटर मिळतो. सवलत आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीची चौकशी होते, दुसरीची होत नाही. आठवीपर्यंत कुणाला नापास न करण्याच्या वर्षांत हे आणखी झाकलं गेलं. याचा दोष त्या धोरणावर टाकणं सोपं आहे, पण मूल वाचू शकत नाही हे कळायला त्याला नापास करावं लागतं असं नाही, त्याच्याकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेतला तरी पुरतं.

मराठी माध्यमाच्या मुलांचं यात आणखी एक वेगळं दुखणं आहे. डिस्लेक्सिया म्हटलं की इंग्रजी 'बी' आणि 'डी' यांची उलटापालट, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मराठीतली अडचण निराळी दिसते. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा गोंधळ, मात्रा दुसऱ्याच अक्षरावर जाणं, अनुस्वार गळणं, जोडाक्षराशी येऊन वाचन थांबणं. वर्गशिक्षकाला हे शुद्धलेखनाचं दुर्लक्ष वाटतं आणि तो दहा वेळा लिहायला लावतो. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या 'डाली' या चाचणीसंचात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. म्हणजे मराठीतून तपासण्याचं साधन उपलब्ध आहे. ते तालुक्याच्या गट साधन केंद्रापर्यंत पोहोचलं पाहिजे, आणि ते वापरायला शिकलेला माणूस तिथं बसला पाहिजे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर लागणारी प्रतीक्षायादी तेवढ्यानेही बरीच आटोक्यात येईल.

मग पालकांनी करावं काय? माझं मत असं, की सुरुवात शक्यतो घराजवळच्या शाळेत व्हावी, पण एका अटीवर: वर्षाच्या सुरुवातीला त्या मुलासाठी काय शिकवायचं, कोण शिकवणार आणि दिवाळीनंतर काय तपासायचं, याचा एक पानी आराखडा शाळेने पालकांसमोर मांडावा. तो नसेल, तर 'आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो' हे वाक्य कौतुकाने ऐकू नये. ज्या मुलाला स्वतःची काळजी घेण्याची कौशल्यंच आधी हवी आहेत, किंवा ज्याला वर्गातला गोंगाट सहनच होत नाही, त्याने काही वर्षं विशेष शाळेत घालवली तर ती हार नाही. मात्र तो मार्ग दोन्ही बाजूंनी चालता यावा. हे सरकारच्या हातात आहे. विशेष शाळांनी आपल्या तालुक्यातल्या सर्वसाधारण शाळांना माणूस आणि कसब पुरवावं, आणि त्यासाठी त्यांच्या अनुदानात स्वतंत्र तरतूद असावी. पटसंख्या घटली की अनुदान जाईल या धास्तीने कुठलीच विशेष शाळा आपलं तयार झालेलं मूल आनंदाने बाहेर सोडणार नाही, आणि आजचा हिशेब तिला तेच करायला लावतो.

तोवर पालकांच्या हाती एक अधिकार आहे, तो फारसा वापरला जात नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावं लागतं. २०१२नंतर त्या गटात दिव्यांग मुलं येतात. म्हणजे ज्या बाईंना जूनमध्ये कार्यालयाबाहेर बसवलं गेलं, त्याच समितीच्या बैठकीत बसून रॅम्प कधी होणार, विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा आले आणि मुलांसाठी आलेलं अनुदान कशावर खर्च झालं, हे इतिवृत्तात लिहून घेऊ शकतात. विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र हे कलम लागू नाही, आणि शहरांतली बहुतेक भांडणं नेमकी तिथंच आहेत.