वाट कोणाची, नकाशा कोणाचा?

‘वास्को-द-गामाने भारताचा शोध लावला’ हे वाक्य आपल्याकडील कित्येक पिढ्यांनी शाळेत घोकले. पुढे पाठ्यपुस्तकांत ‘भारताकडे येणाऱ्या सागरी मार्गाचा’ अशी दुरुस्ती झाली आणि आपले समाधान झाले. वस्तुतः ही दुरुस्तीही अर्धीच आहे. युरोपला जो मार्ग ठाऊक नव्हता, तो जगालाच ठाऊक नव्हता, असे तीत गृहीत धरलेले असते.

घडले ते असे. ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघालेला गामा आफ्रिकेला वळसा घालून एप्रिल १४९८ मध्ये मालिंदीस पोहोचला. पुढचा समुद्र त्याच्या माहितीचा नव्हता. मालिंदीच्या सुलतानाने त्याला एक जाणता नावाडी दिला. पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजराती म्हणतात. त्याच्या मार्गदर्शनाखाली अवघ्या तेवीस दिवसांत ही जहाजे मलबारच्या किनाऱ्याशी आली आणि २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ त्यांनी नांगर टाकला. परतीच्या वेळी मात्र मोसमी वाऱ्यांची पर्वा न करता गामा ऑक्टोबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. तोच समुद्र ओलांडून मालिंदी गाठण्यास त्याला तीन महिने लागले आणि वाटेत त्याचे अनेक खलाशी रक्तपितीने मेले. तेवीस दिवस आणि तीन महिने यांतील अंतर हे त्या नावाड्याच्या ज्ञानाचे माप होय. त्याचे खरे नाव काय, यावर मात्र विद्वान आजही वाद घालतात. गामाचे पुतळे झाले; त्या नावाड्याचे नावही धड उरले नाही.

गामाचे धाडस नाकारण्याचे कारण नाही. दोन वर्षे घरदार सोडून अनोळखी पाण्यावर जगणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु त्या धाडसामागे निव्वळ जिज्ञासा होती, हे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पोर्तुगाल आणि स्पेन यांनी १४९४ च्या करारात सागरापलीकडील भूमी, ती पाहण्यापूर्वीच, आपसांत वाटून घेतली होती. कालिकतच्या भेटीनंतर बारा वर्षांनी, १५१० मध्ये गोवा पडला. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन सुरू झाले आणि ते १८१२ पर्यंत चालले. त्याच्या जाचाने ज्यांना कुलदेवता उचलून खाडीपलीकडे जावे लागले, त्यांच्या वंशजांना ‘सागरी शोधांचे युग’ या शब्दांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

हे सारे किनाऱ्यावरचे झाले. परंतु समुद्रापासून दूर असलेल्या विदर्भातही हीच कथा जमिनीवरून घडली आणि तिच्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या इंग्रजांना नागपूरकर भोसल्यांच्या मुलखाची माहिती तोकडीच होती. बंगालहून नागपूरला यायचे तर ओडिशा आणि छत्तीसगडच्या रानांतून यावे लागे. १७७८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने अलेक्झांडर इलियट याला वकील म्हणून पाठविले. तो वाटेतच सारंगढनजीक मरण पावला. पुढे जॉर्ज फॉर्स्टर आला. याने पूर्वी वेष पालटून काश्मीर, अफगाणिस्तान, इराण आणि रशिया या मार्गाने बंगालहून इंग्लंडपर्यंतचा खुष्कीचा प्रवास केला होता. १७९१ मध्ये तो नागपुरात वारला. १७९० साली कटकहून नागपूरला आलेल्या लेकी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या वाटेची रोजनिशी लिहिली आणि ती पुढे लंडनमध्ये छापली गेली. तिच्या नावातच ‘दक्षिणेकडील बंजारे घाट’ हा उल्लेख आहे. म्हणजे साहेबाने ‘शोधलेली’ वाट बंजाऱ्यांची होती! मीठ आणि धान्य लादलेले त्यांचे बैलांचे तांडे पिढ्यान् पिढ्या त्या रानांतून जात-येत होते. कोठे पाणी, कोठे चारा, कोणत्या नदीला कोणत्या महिन्यात उतार, हे त्यांना मुखोद्गत होते. लेकीने ते कागदावर उतरविले. ज्या कटकेहून तो निघाला, ते भोसल्यांचे कटक १८०३ मध्ये देवगावच्या तहाने कंपनीच्या घशात गेले.

रोजनिशीनंतर मोजणी आली. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा आखून विल्यम लॅम्ब्टनने सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत विदर्भात पोहोचले. टेकड्याटेकड्यांवर निशाणे उभारली गेली. कोन मोजण्याचे अर्ध्या टनाचे यंत्र माणसांच्या खांद्यांवरून फिरले. हैदराबादहून नागपूरला येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्ब्टनचा अंत झाला. तेथे त्याचे थडगे आहे. त्या काळी नागपूरच्या गादीवर अल्पवयीन राजा होता आणि कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती होता. त्याने या राज्याचा सविस्तर अहवाल १८२७ मध्ये सिद्ध केला. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा मोजण्याचे आणि लिहिण्याचे काम पुष्कळसे आधीच झालेले होते.

येथे परक्यांना शिव्या देऊन थांबणे सोपे आहे. परंतु वाट आपली, वाटाड्या आपला, मग नकाशा दुसऱ्याचा का झाला, हा प्रश्न स्वतःला विचारल्यावाचून सुटका नाही. बुद्धी कमी पडली म्हणावे, तर तसे नाही. जगातील सर्वोच्च शिखराच्या उंचीचे गणित राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने मांडले; शिखराला नाव मिळाले एव्हरेस्टचे. कुमाऊंचे नैनसिंह रावत १८६६ मध्ये पावले मोजीत ल्हासाला पोहोचले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि शंभर पावलांगणिक एक मणी सरकत असे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. बुद्धी होती, चिकाटी होती. उणीव होती ती अनुभव लिहून ठेवण्याची आणि तो चार जणांच्या हाती देण्याची. ज्याचे ज्ञान त्याच्या घरात, त्याच्या जातीत कोंडले गेले. शिवाय समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, ही बेडी आपणच आपल्या पायांत घातली. सावरकरांनी सात स्वदेशी बेड्यांत सिंधुबंदीची गणना केली, ती उगीच नव्हे. ज्या समाजाचे नावाडी आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते, त्याच समाजात विलायतेहून परतलेल्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागावे, हे दुर्दैव होय.

ही उणीव केवळ इतिहासातील नाही. नागपूर-रायपूर महामार्गावरील साकोली परिसराचेच पाहा. हा तलावांचा मुलूख. येथील कोहळी समाजाने ऊस आणि धान पिकविण्यासाठी टेकड्यांच्या खोबणी हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि शेकडो तलाव, बोड्या उभ्या केल्या. पूर्वी साकोली तहसिलीत असलेला आणि आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. कोणत्याही यंत्राविना पाण्याचा उतार ओळखणारी ती नजर गॅझेटियर लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही नोंदवावीशी वाटली. आज आपण या तलावांविषयी बोलताना आधार घेतो तो त्याच गॅझेटियरचा!

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव शासनाचे झाले. ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ असे सुटसुटीत नाव रूढ झाले, परंतु गावाचे त्यांच्याशी असलेले नाते सैल झाले. कित्येक तलाव गाळाने भरले, काहींत बेशरमाची झुडपे माजली, काहींच्या पोटात शेते शिरली. शासनाकडे आज उपग्रहाची चित्रे आहेत. २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील जुने निर्बंधही सैल केले आहेत. परंतु एका तलावाचा सांडवा कोणत्या बोडीत उतरतो, पाणी सोडण्याची पाळी कोणत्या क्रमाने ठरलेली होती, ढीवरांना ठाऊक असलेला कोणता मासा कोणत्या पाण्यातून नाहीसा झाला, हे उपग्रहाला दिसत नाही. ते गावातील वृद्धांना ठाऊक आहे आणि दरवर्षी त्यांतील काही जण आपल्यातून जात आहेत.

साकोली, लाखनी, लाखांदूर येथील महाविद्यालयीन तरुणांना आणि शाखाशाखांतील कार्यकर्त्यांना यासाठी दूरदेशी जाण्याची गरज नाही. एक वही, एक दोरी आणि गावातील जाणत्या माणसासोबत घालविलेल्या चार संध्याकाळी एवढ्यावर एका तलावाची नोंद होते. उन्हाळ्यात तळ उघडा पडलेला असतो. पाळीची लांबी, मोरीची जागा आणि गाळाची खोली मोजण्यास हाच काळ सोयीचा. पहिला पाऊस पडला की पुढच्या वैशाखापर्यंत थांबावे लागते.