स्वेच्छेची सक्ती



माझी धाकटी बहीण शाळेत गणित शिकवते. वय ४९, दोन्ही गुडघे दुखणारे. मागच्या उन्हाळ्यात पेपर तपासून होतात न होतात तोच मुख्याध्यापकांनी हातात पत्र ठेवले : गाईड कॅप्टनच्या सात दिवसांच्या निवासी प्रशिक्षणास हजर राहावे, गैरहजर राहिल्यास कारवाई होईल. तिने अर्ज केला नव्हता, कुणी तिला विचारलेही नव्हते. "शाळेला पथक दाखवायचे आहे, यादीत तुमचे नाव गेले," एवढेच उत्तर मिळाले.

गेली बिचारी. पहाटे कवायत, मग दोरीच्या गाठी, तंबू उभारणे, रात्री शेकोटीभोवती टाळ्या. गणवेश पदरच्या पैशाने शिवला. पहिल्याच दिवशी छापील फॉर्म पुढे आला, त्यात लिहिले होते, 'मी स्वेच्छेने सहभागी होत आहे.' तिने फोनवर विचारले, "दादा, सही करू का?" इतकी वर्षे युनियनचे कागद मी लिहितो, पण त्या वेळी काही सुचले नाही. म्हणालो, कर. त्या 'कर'ची लाज अजून वाटते.

स्काउट-गाईडला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. तिच्यात आपल्या रेल्वेचे झोन राज्याच्या बरोबरीने धरले जातात. उन्हाळ्यात फलाटावर डब्याडब्याला पाणी देणारी मुले आपण पाहिली आहेत, आणि त्यांच्यामागे रजा टाकून उभे राहणारे आपले सहकारीही. पण संस्थेच्या स्वतःच्याच व्याख्येत ही चळवळ ऐच्छिक आहे. ऐच्छिक चळवळीला कारवाईची धमकी जोडणारे हे कोण?

त्याच शाळेत तासिका तत्त्वावर खेळ शिकवणारा एक तरुण आहे. त्याला या कामाची खरी आवड. त्याला पाठवले नाही, का तर तो कायम नाही! आवड असलेल्याला नोकरी नाही आणि नोकरी असलेलीला आवड नाही, तरी कागदावर पथक तयार.

आपल्यातलेच काही म्हणतील, मास्तरांना सुट्ट्या भरपूर, सात दिवसांनी काय बिघडते? गेटमनला बारा तासांचे ई.आय. रोस्टर लावताना प्रशासनाने दुसरे काय म्हटले होते? नुसता बसून तर असतो! ८ मे १९७४ ला सुरू झालेल्या संपात आठ तासांच्या ड्युटीची मागणी होती. कामगाराचा वेळ साहेबाने आपल्या नजरेने मोजायचा नाही, हेच त्या मागणीचे मूळ. ते आपल्यासाठी खरे आणि मास्तरणीसाठी खोटे कसे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. यावर व्यवस्थापनाचे उत्तर तयार आहे : हे काम शैक्षणिकच आहे. ठीक. मग ते काम म्हणून मोजा. दर शनिवारी पथक घ्यायचे तर तेवढे तास कमी करा. प्रवासभत्ता द्या. कामासाठी सुट्टी बुडाली तर त्या प्रमाणात अर्जित रजा, ही सरकारी रजा नियमांतली जुनी तरतूद आहे, ती लावा. हुकूम देताना काम आणि हिशेब करताना सेवा, असे दोन्हीकडून कसे चालेल?

टपाल खात्यातील बांधवांना हे नवे नाही. २०२० मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर झाले, २८ जून २०२२ ला डाक कर्मयोगी पोर्टल आले. शिकायला कुणाची ना नाही. पण बीट संपवून घरी आलेला पोस्टमन जेवण बाजूला ठेवून मोबाइलवर धडा पुरा करतो, तो वेळ कुणाच्या खात्यात जातो? असा हुकूम आला की तो लेखी मागा, आणि त्यात ड्युटीचे तास, भत्ता व बदली रजा लिहून घ्या. तोंडी सांगितले तर त्याच दिवशी आपण पत्र द्या.

बहिणीने रजेसाठी दिलेल्या अर्जाला उत्तर आले नाही. गेल्या आठवड्यात दुसरा अर्ज मी स्वतः लिहून दिला. या वेळी आवक क्रमांकासह पोच घेतली आहे.