पांढरीतलं घर, काळीतलं कुंपण

गेल्या गणपतीत इथे आपल्या मंडळात आरतीनंतर कागदी ताटल्या हातात घेऊन उभे होतो, तेव्हा मी अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरच्या आमच्या कुंपणाची रड सांगितली. तिघांनी एकच सल्ला दिला : "सोड रे, सातशे डॉलरची तर गोष्ट." त्या सल्ल्याशी माझं भांडण आहे, आणि संपादकांनी जागा दिली म्हणून ते इथे मांडतो आहे.

आधी हकीकत. आई राहते ते घर जुन्या वस्तीतलं नाही, खामगावकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला पडलेल्या एका लेआउटमधलं आहे. मागे परसात लिंबू, शेवगा आणि आईचा सांभार. (पुण्याकडच्या मंडळींसाठी : सांभार म्हणजे कोथिंबीर. इडली मागवू नका.) शेळ्या आणि डुकरं सांभार राहू देईनात, म्हणून तीन बाजूंनी कुंपण घालायचं ठरलं. 160 फूट लांबी, सिमेंटचे 21 खांब, 10 गेजची जाळी, वर काटेरी तारेच्या दोन ओळी. काम उक्तं दिलं, 60 हजारांत. ठेकेदार म्हणजे माझ्या वर्गमित्राचा धाकटा भाऊ. फोनवर म्हणाला, "भाऊ, तुमी काई फिकर करू नका. काकूचं घर म्हंजे आपलंच घर हाये." या एका वाक्यावर मी 45 हजार पाठवले. खड्डा एकही घेतलेला नव्हता.

वैशाखात काम झालं. आईने पाठवलेल्या फोटोत कुंपण सुरेख दिसत होतं. पोळ्यापर्यंत मागच्या ओळीतले 9 खांब वाकले, आणि दोन्ही कोपऱ्यांतले खांब जाळीच्या ताणाने आत झुकले. दिवाळीत गेलो तो ओळंबा आणि कॅलिपर बॅगेत टाकूनच. आपल्या मंडळात इंजिनिअर किती आहेत हे बघता यात कुणाला नवल वाटू नये. सब्बल घेऊन एक खांब उकरला. सात फुटांचा खांब जमिनीत जेमतेम सव्वा फूट. खाली ना मुरूम, ना काँक्रीट. उकरलेलीच काळी माती परत लोटलेली, वर शोभेला चार दगड. कोपऱ्यांना तिरपे टेके नाहीत. तार मोजली तर 2.64 मिलिमीटर, म्हणजे 12 गेज. ठरलेली 10 गेजची तार 3.25 भरायला हवी. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे आईला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ठेकेदाराला होतं.

आता मातीबद्दल. गावात पांढरी आणि काळी हा भेद पूर्वीपासून आहे. घरं पांढरीवर, पीक काळीत. त्यात शहाणपण होतं. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षातून एकदा हा श्वास ती घेतेच, आणि तिच्यात वरवर रोवलेली वस्तू हलते. आता गाव वाढलं, लेआउट काळीत पडले, पण काम करण्याची रीत पांढरीतलीच राहिली. काळीत खांब रोवायचा तर खड्डा खोल हवा, काळी माती काढून टाकून मुरूम ठोकायला हवा, खांबाभोवती काँक्रीट हवं आणि त्यावर आठवडाभर पाणी मारायला हवं. ही काही गुप्त विद्या नाही, तिथला कुठलाही जुना मिस्तरी सांगेल. शेजारी मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर विटांचा किल्ला उभा आहे, अचलपूरच्या नवाबाने 1757 साली पुरा केलेला. त्याच्या बाहेरच्या दरवाज्यावर बांधणाऱ्याच्या नावाचा शिलालेख आहे. आमच्या ठेकेदाराने साधं बिल दिलं नाही.

पण मला त्याच्यापेक्षा माझ्यावर जास्त बोलायचं आहे.

इथे कॅलिफोर्नियात माझ्या बॅकयार्डचं कुंपण बदलायचं होतं तेव्हा मी काय केलं? तीन जणांकडून भाव घेतले. राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर नंबर टाकून बघितला, कुंपणाच्या कामाचं सी-13 लायसन्स आहे की नाही ते. घरदुरुस्तीच्या कामाला ठेकेदाराने आगाऊ रक्कम कामाच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढीच घ्यावी असा इथला कायदा आहे. त्याहून एक डॉलर जास्त मी दिला नाही. शेजाऱ्याला खर्चाची रीतसर चिठ्ठी दिली. खड्डे किती खोल हे टेप लावून मोजलं, कारण बे एरियातली चिकणमातीही फुगते आणि आकसते, आमच्या काळीची लांबची बहीणच. तोच मी, आणि बाळापूरला तीन चतुर्थांश पैसे आधी, कागद शून्य, खोलीचा उल्लेख शून्य. मग "फसवलं" म्हणून कुणाच्या नावाने बोंब मारायची?

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं : तिकडे कायदा कुठे आहे? आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सालचा, 20 जुलै 2020 पासून लागू. पैसे घेऊन केलेल्या कामातली त्रुटी त्यात येते. घरबांधणी ही सेवाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात 1993 सालीच सांगून ठेवलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आई बाळापूरला राहते, म्हणून अकोल्याच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, अर्ज ऑनलाइनही होतो. निकाल महिन्याभरात लागतो असं मी म्हणत नाही. पण दार आहे आणि ते उघडं आहे. आपण ते ठोठावत नाही, कारण डॉलरात भागाकार केला की राग उरत नाही.

आणि तो भागाकारच मला खटकतो. आमच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. माझ्या आईचं कुंपण "छान झालं" म्हणून त्यांनी त्याच ठेकेदाराला आपलं काम दिलं, पेन्शनच्या पैशातून. त्यांचेही खांब वाकले. त्यांना 60 हजार म्हणजे सातशे डॉलर नव्हेत. परदेशातला मुलगा आगाऊ पैसे देतो, मोजमाप करत नाही, वाईट काम खपवून घेतो आणि वर हसून सोडून देतो, तेव्हा गावातल्या कामाचा दर आणि दर्जा दोन्ही तोच ठरवत असतो. त्याचा भुर्दंड तिथेच राहणाऱ्यांना बसतो.

माझ्या मताविरुद्ध सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र पंगतीतल्या कुणी मांडला नाही, आईने मांडला. मी ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवायचं म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "गेल्या साली मले चक्कर आली तवा रातच्यानं अकोल्याले कोनं नेलं?" त्यानेच नेलं होतं, स्वतःच्या गाडीने, आणि डिझेलचे पैसे घेतले नव्हते. यावर माझ्याकडे दोन दिवस उत्तर नव्हतं. आजही पुरतं आहे असं नाही. एवढंच वाटतं की त्या रात्रीचे उपकार खांबाच्या खड्ड्यात भरले की दोन्ही बिघडतात. उपकाराची किंमत ठरते आणि कामाची ठरत नाही. म्हणून हिशेब दोन ठेवले. भाऊबीजेनंतर त्याच्या घरी फराळाचा डबा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पत्र.

तो दुखावला. "काऊन भाऊ, कागद काऊन? आपल्यावर भरोसा नाही का?" मी त्याला परसात नेलं, ओळंबा सोडला आणि काही बोललो नाही. तोही बराच वेळ बोलला नाही. मग कागदावर तीन ओळी लिहिल्या : वाकलेले आणि कोपऱ्यांतले सगळे खांब अडीच फूट खोल, मुरूम आणि काँक्रीटसह, कोपऱ्यांना टेके, उरलेले 15 हजार एक पावसाळा पाहून. बारीक तारेपोटी त्यातले 6 हजार कमी. सहीसाठी पेन आईनेच आणून दिलं, आणि त्याच्यासाठी चहा. गुरुजींच्या कामाचंही काढलं, तर म्हणाला, "त्याईचं पाहू बाप्पा." अजून पाहतोच आहे.

खांब त्याने नव्याने रोवले, मी परत निघायच्या आधी. जाळी 12 गेजचीच आहे. मागच्या आठवड्यात आईने व्हिडिओ कॉल लावून फोन परसात फिरवला. ज्येष्ठ लागलाय, पाऊस नाही, लिंबाजवळ भेग पडली आहे आणि ती दुसऱ्या खांबाच्या बुडापर्यंत गेली आहे. खांब सरळ आहे. निदान फोनच्या पडद्यावर तरी सरळ दिसला. मी आईला दाराच्या खुंटीवरचा ओळंबा आणायला सांगितलं, तर ती म्हणाली, तो गुरुजी घेऊन गेलेत.