एवढासा ‘सेट’, केवढा पसारा!

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांना मुले उगाच भितात. ते बिचारे सरळ असतात. बहुधा एकाच अर्थाला चिकटून राहतात. खरे बिलंदर शब्द तीन-चार अक्षरांचे. त्यांतला मेरुमणी ‘सेट’! १९८९ साली निघालेल्या ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत आणि नोंद सुमारे ६०,००० शब्दांची. एक कादंबरीच म्हणा ना!

कपबश्यांचा सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, सिनेमाचा सेट आपल्या ओळखीचे. गणितातला सेट म्हणजे पाठ्यपुस्तकातला ‘संच’. गवंडी म्हणतो, “सिमेंट सेट होऊ द्या.” याचा अर्थ ‘वाळू द्या’ असा मात्र नव्हे हं! सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी रासायनिक संयोग होऊन आवळते. ते फार झटपट आवळू नये म्हणून कारखान्यातच त्यात जिप्सम घालतात. सेट झाल्यावरही पुढे कित्येक दिवस पाणी मारावे लागते. ‘सेट’ म्हणजे ‘वाळणे’ असे समजून ज्याने पाणी तोडले, त्याचा स्लॅब कच्चा राहिलाच म्हणून समजा. शब्दाचा अर्थ चुकला की असे घर चुकते!

गंमत म्हणजे मुळात हे शब्द दोन. कपबश्यांचा सेट लॅटिन ‘सेक्टा’पासून, म्हणजे अनुयायांच्या मेळ्यापासून, फ्रेंचमार्गे आला. क्रियापद ‘सेट’ मात्र अस्सल जुने इंग्रजी; ‘सिट’चे प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. पुढे दोघांचे रूप एकच झाले आणि अर्थांची सरमिसळ झाली.

मग मुलांनी ४३० अर्थ घोकायचे की काय? छे! ‘बसवणे’ तेवढे ध्यानात ठेवावे. डॉक्टर मोडलेले हाड बसवतात, सोनार अंगठीत खडा बसवतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘सेट’च. पण आपण नाटक बसवतो, नवरात्रात घट बसवतो, तिथे ‘सेट’ चालायचा नाही. उलट इंग्रजीत दही ‘सेट’ होते. आपल्याकडे ते बसत नाही, लागते!

आणि या ‘लागणे’चे तरी अर्थ काय थोडे? भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, वेडही लागते. या दिवाळीच्या सुटीत मुलांना वही-पेन्सिल देऊन ही यादी करायला बसवा. फराळाचे डबे रिकामे होतील, यादी संपायची नाही. मग इंग्रजीतल्या ‘सेट’चा बाऊही वाटायचा नाही.