विनोदालाही दप्तर लागते

#धागा

(१/१२) इतिहास म्हटला की आपण किल्ले, सनावळ्या आणि तलवारी यांत रमतो. आकाशवाणीवरच्या श्रुतिका वा विनोदी मालिका यांचा विषय निघाला, की ‘ही तर करमणूक, हा कसला इतिहास?’ असे म्हणून मोकळे होतो. हा समज चुकीचा आहे आणि घातकही. सुरुवात एका अमेरिकी मालिकेपासून करू. शेवट आपल्या वाशिममध्ये होईल.

(२/१२) ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही विनोदी मालिका १९७८ ते १९८२ या काळात सीबीएस वाहिनीवर चालली. डबघाईला आलेले एक रेडिओ केंद्र आणि तिथले कर्मचारी, एवढाच तिचा संसार. ३० ऑक्टोबर १९७८ रोजी दाखवलेला तिचा ‘टर्कीज अवे’ हा भाग तिथल्या गाजलेल्या विनोदी भागांत आजही गणला जातो.

(३/१२) थँक्सगिव्हिंगच्या सणानिमित्त केंद्राचा व्यवस्थापक जाहिरातीसाठी हेलिकॉप्टरमधून जिवंत टर्की पक्षी सोडतो. त्या उडतील, अशी त्याची भाबडी समजूत. त्या धाडधाड जमिनीवर आदळतात. प्रेक्षकाला मात्र एकही पक्षी पडताना दिसत नाही. दिसतो तो मायक्रोफोन धरून हादरलेला वार्ताहर लेस नेसमन. सारा अनर्थ त्याच्या आवाजातून कळतो.

(४/१२) त्या आवाजाचे मूळ कोठे? ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीतील लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग ही जर्मन वायुनौका पेटली. ३६ माणसे मृत्युमुखी पडली. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राचा हर्बर्ट मॉरिसन तिथे वर्णन करीत होता. ते थेट प्रसारण नव्हते. तबकडीवर केलेले ध्वनिमुद्रण होते. त्याचा फुटलेला कंठ तबकडीवर उतरला, म्हणूनच तो उरला.

(५/१२) नेसमनचे निवेदन हे त्या निवेदनाचे विडंबन. ४१ वर्षांनंतर असा विनोद करता आला, कारण मूळ आवाज जपलेला होता आणि लोकांच्या कानांत होता. विडंबनालाही अस्सल साधन लागते. ज्या समाजाचे आवाज हरवतात, त्याला आपल्याच भूतकाळावर धड हसताही येत नाही.

(६/१२) त्याच मालिकेचे पुढे काय झाले पाहा. तिच्यात वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क मर्यादित मुदतीचे होते. पुढे पुनःप्रसारणात आणि २००७च्या डीव्हीडी संचात अनेक मूळ गाणी काढून तिथे दुसरे संगीत घातले गेले. २०१४च्या संचात पुष्कळशी परतली. मधल्या काळातल्या प्रेक्षकाने मूळ साधन पाहिलेच नाही. बखरीत प्रक्षेप घुसावेत, तसा तो पाठ होता.

(७/१२) आता आपले घर. मुंबई आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’ घरोघरी ऐकले जाई. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. मराठी मध्यमवर्ग कसा बोले, कशावर कुरकुरे, कशावर हसे, याचे याहून जिवंत साधन कोणते? तरीही आपल्या पिढीला त्याची ओळख होते ती थोरांच्या आठवणींतून, क्वचितच त्या आवाजांतून.

(८/१२) आक्षेप पहिला : ‘ध्वनिफिती महाग होत्या; पुसून पुन्हा वापरणे भागच होते.’ मान्य. बीबीसीनेही तेच केले; ‘डॉक्टर हू’चे ९०हून अधिक भाग तिच्या संग्रहातून गेले. पण त्या गहाळ भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. का? सामान्य प्रेक्षकांनी तो घरी बसून मुद्रित केला होता. संस्थेने गमावलेले रसिकांनी राखले.

(९/१२) आक्षेप दुसरा : ‘नेत्यांची भाषणे आणि थोर गवयांचे गायन जपले की पुरे, बाकीचे किरकोळ.’ किरकोळ काय, हे ठरवणारे आपण कोण? या प्रश्नाचे उत्तर वाशिमनेच देऊन ठेवले आहे.

(१०/१२) वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. १९३९ साली येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासात पक्की झाली. त्या पत्र्यांवर महाकाव्य नाही. आहे ते एका गावाचे दानपत्र. काही संस्कृतात, बरेचसे प्राकृतात. त्या काळचा निव्वळ सरकारी कागद!

(११/१२) तो सुमारे १६०० वर्षे टिकला, कारण माध्यम तांब्याचे होते आणि तो हक्काचा पुरावा होता. ध्वनिफितीला ना तांब्याचे बळ, ना वारसदार. बुरशी लागली, चिकटली, संपली. राजाचे दानपत्र पूज्य आणि टेकाडे भावजींचे बोलणे फुटकळ, हा भेद इतिहासाचा नव्हे. तो आपल्या आळसाचा आहे.

(१२/१२) आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. तेव्हापासून विदर्भातील घरांत किती आवाज आले आणि विरले! माळ्यावरच्या ट्रंकेत रेडिओवरून भरलेली एखादी कॅसेट असेल, तर ती आजच उतरवून घ्या. केंद्र, कार्यक्रम, तारीख लिहून ठेवा. आजीला विचारा, तिला कोणाचा आवाज आठवतो. आणि कृपा करून त्याखाली पार्श्वसंगीत घालून रील करू नका. प्रक्षेप करणारे पुष्कळ आहेत. मूळ प्रत राखणारे हवे आहेत.