घरांतील गाणें : दोन हेडफोनांची पारख

एकत्र कुटुंबांत गाणें ऐकणें ही पूर्वीं सर्वांनीं मिळून करावयाची गोष्ट असे. माजघरांत रेडिओ लागला कीं तो ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत सर्वांच्या कानीं पडे. नको असला तरी पडे. आतां एका खोलींत परीक्षेचा अभ्यास, दुसरींत दूरदर्शनची मालिका आणि तिसरींत कोणास भीमसेन जोशी यांचे अभंग हवे, अशी स्थिति झाल्यामुळें हेडफोन ही केवळ चैनीची वस्तु राहिली नाहीं. दहा हजार रुपयांच्या बरेच आंत मिळणारे दोन प्रकार आम्हीं सध्यां लावून पाहिले. पहिला अमेरिकेंतील कॉस कंपनीचा ‘पोर्टा प्रो’. तो १९८४ सालीं निघाला, आणि त्याचा घाट अद्यापि जवळजवळ तोच आहे. दुसरा जपानच्या ऑडिओ-टेक्निका कंपनीचा ‘एटीएच-एम२०एक्स’.

दोहोंतील मुख्य भेद रचनेचा आहे. पोर्टा प्रोची स्पंजाची गादी कानावर नुसती टेकते व पाठीमागची बाजू उघडी असते, त्यामुळें आवाज आंत-बाहेर मोकळेपणीं ये-जा करतो. एम२०एक्सची वाटी बंद असून ती कानास झांकून बसते.

पारखण्यासाठीं आम्हीं प्रथम आपल्याच धाराशिव जिल्ह्यांतील नाद घेतला. तुळजापूरच्या गोंधळांत संबळ, तुणतुणें आणि झांज हीं एकत्र वाजतात. संबळाचें एक अंग खर्जाचें, दुसरें चढ्या नादाचें. त्यांच्या शेजारीं तुणतुण्याची ती एकुलती बारीक तार. पोर्टा प्रोवर खर्जाचें अंग असें कांहीं घुमतें कीं ऐकणाराचें डोकें आपोआप डोलूं लागावें; पण त्या घुमाऱ्याखालीं तार दबते. एम२०एक्सवर तार शेवटपर्यंत वेगळी राहिली. झांजेची धार मात्र दोहोंवरही थोडी बोथटच वाटली.

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा अनुभव उलट आला. केसरबाई केरकर यांचें भैरवींतील एक गाणें १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशांत धाडण्यांत आलें. तेथें तें कोणीं ऐकलेंच तर तो खरखरीस काय म्हणेल, हें सांगवत नाहीं! तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या काळच्या तबकड्यांवर सुईची खरखर गाण्याइतकीच ठळक असते. पोर्टा प्रो ती बरीच सौम्य करतो, आणि आवाज कानांत कोंडल्यासारखा न वाटतां समोरून येतो. तंबोऱ्यावरची संथ गायकी ऐकावयास आम्हांस तोच अधिक आवडला.

एवढ्यावरून आम्हीं पोर्टा प्रोचीच शिफारस केली असती. परंतु घर गजबजलेलें असलें कीं प्रश्न पालटतो. भोंवतीं भांड्यांचा आवाज, मुलांचा गलका व कुकरच्या शिट्ट्या चालल्या असतां उघड्या हेडफोनांतून गाणें ऐकूं येईना, म्हणजे हात आपोआप आवाज वाढविण्याकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसानें आठवड्यास ४० तासच ऐकावा, लहान मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबल. आणि दर ३ डेसिबल वाढीस वेळ निम्मा होतो. या हिशेबानें ९० डेसिबलला आठवड्याचे अवघे चार तास उरतात. गलक्यावर मात करण्यासाठीं चढविलेलें गाणें ही मर्यादा केव्हां ओलांडतें तें कळतही नाहीं, आणि कानाच्या आंतील नाजूक केसपेशी एकदां गेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. एम२०एक्सची बंद वाटी बाहेरचा आवाज कांहींसा अडविते, म्हणून कमी आवाजांतही भागतें. उलट, सासूबाईंची हांक तींतून ऐकूं येत नाहीं, ही तक्रारही खरीच आहे.

तेव्हां विद्यार्थ्यास व भरल्या घरांत ऐकणाऱ्यास आम्ही एम२०एक्स सुचवितों. स्वतंत्र शांत खोली असलेल्या आजोबांस पोर्टा प्रो द्यावा. तो हलका असल्यानें वृद्धांच्या मानेस भार होत नाहीं. लांब केसांच्या भगिनींनीं मात्र त्याची धातूची पट्टी जपून सरकवावी. तींत केस अडकतात व चांगलेच ओढले जातात. एम२०एक्सची तार तीन मीटर लांब, तीही न निघणारी. ती चालणाराच्या पायांत येते, आणि वाट्यांखालीं उन्हाळ्यांत कान घामेजतात.

दोन्ही साध्या मोबाइलवर चालतात, निराळें वर्धक यंत्र लागत नाहीं. मात्र पुष्कळ नव्या मोबाइलांस हेडफोनचें गोल छिद्रच नसतें; तसें असल्यास यूएसबी-सीचा लहान जोड बरोबरच मागवावा. आणि वस्तु घरबसल्या मागविणार असाल तर परत करण्याची मुदत आधीं वाचून ठेवावी, व ती संपण्यापूर्वीं घरांतील सर्वांत मोठें डोकें असलेल्या माणसास एक तासभर लावून बसवावें.